स्लॅबखालचे सोलापूर

एप्रिल-मेमध्ये सोलापुरातली घरे सर्वांत जास्त तापतात ती संध्याकाळी. दुपारी दोनला गच्चीवर पाय ठेवता येत नाही, तरी खाली खोलीत निभावते. सात-आठच्या सुमारास बाहेर वारा सुटतो, माणसे कट्ट्यावर येऊन बसतात आणि नेमके तेव्हाच दिवसभर खाल्लेले ऊन स्लॅब खोलीत सोडू लागतो. पाच-सहा इंची काँक्रीटमधून उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, त्यामुळे हे असे होते. पंखा पाचवर नेला तरी तो छताला चिकटलेली तीच हवा खाली ढकलतो. पारा ४३-४४ अंशांना टेकणाऱ्या या शहरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही वीजबिलाची चर्चा निघाली की आपण दिव्यांपासून सुरुवात करतो, पंख्यांवर येतो आणि हल्ली थेट सोलर पॅनेलवर जातो. छत मात्र चर्चेत येतच नाही. माझे म्हणणे असे की सोलापुरात घराची ऊर्जा तपासणी छतापासून सुरू व्हावी आणि सरकारी सवलतींचा ओघही थोडा तिकडे वळावा.

अशी तपासणी आपल्या देशाला नवी नाही. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणजे बीईई स्थापन झाला आणि मोठ्या कारखान्यांना प्रमाणित लेखापरीक्षकाकडून ऊर्जेचा हिशेब तपासून घेणे बंधनकारक झाले. घरांच्या वाट्याला त्यातून स्टार लेबल आले, एलईडी बल्ब आले. पण घर तपासायला दारात माणूस आला नाही. अमेरिकेत तो येतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे १९७६ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ‘वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. तपासनीस दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतो आणि बाहेरची हवा कुठल्या फटीतून आत घुसते ते शोधतो. मग फटी बुजतात, छताखाली उष्णतारोधक अस्तर बसते आणि खर्च सरकारी निधीतून होतो. मालकाच्या संमतीने भाडेकरूलाही हा लाभ मिळतो. तिथली लढाई मुख्यतः थंडीशी, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी इथे आणण्यात अर्थ नाही. आपल्याला रात्रीची गार हवा घरात यायलाच हवी असते. घ्यायचा तो क्रम: गळका रांजण आधी बुजवावा, पाणी मग भरावे.

जुन्या सोलापूरने हा क्रम पाळला होता. पेठांतल्या वाड्यांत आणि मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या गावांत माळवदाची घरे होती, काही अजून आहेत. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यावर चिपा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. छतातल्या साण्यातून उजेड खाली यायचा आणि धूर व गरम हवा वर जायची. भर उन्हाळ्यातही आतली जमीन गार लागे. मात्र या घरांचे नुसते गोडवे गाणे मला मान्य नाही. दर पावसाळ्यापूर्वी माती टाकून छत नीट करावे लागे, मुसळधार पावसात भिंती खचत, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या अशाच जड घरांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर या सगळ्या पट्ट्यात लोकांनी स्लॅब जवळ केला, तो जिवाच्या भीतीने. त्यांना दोष देता येणार नाही. चूक झाली ती पुढे. माती गेली, तिच्या जागी उष्णता अडवणारे दुसरे काहीच आले नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरमध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची कमाल मर्यादा दिलेली आहे. कोबा नसलेल्या उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या अडीच ते तीन पट उष्णता येते. संहिता मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांसाठी आहे. जुळे सोलापुरातले वीस वर्षांपूर्वीचे दोन खोल्यांचे घर तिच्या कक्षेत येत नाही.

तेव्हा तपासणी आपणच करायची. अवघड काही नाही. मे महिन्यात संध्याकाळी आठ वाजता पंखा बंद करून स्टुलावर उभे राहा आणि छताला तळहात लावा. मग तोच हात जमिनीला लावा. छत हाताला चटका देत असेल तर घराचा मोठा शत्रू सापडला. पश्चिमेच्या भिंतीचीही अशीच परीक्षा घ्या. मधल्या मजल्यावर राहणाऱ्यांचे छत गार निघेल. त्यांचा प्रश्न बहुधा पश्चिमेच्या खिडकीचा असतो आणि त्यावर आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून लावलेला चिकाचा पडदा किंवा ताडपत्री कितीतरी गुणकारी ठरते. ऊन काचेतून आत आले की ते आतच राहते.

मग वीजबिल घ्या. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. जानेवारी आणि मे यांतला फरक काढा. तो फरक म्हणजे तुमच्या घराच्या उन्हाळ्याची किंमत. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर दुसरा टप्पा लागतो आणि त्या टप्प्यातल्या युनिटचा दर पहिल्याच्या दुपटीहून अधिक असतो, म्हणून १०० च्या आसपास असलेल्या घराने एकेक युनिट मोजणे योग्यच. उपकरणाचे वॅट गुणिले तास, भागिले हजार, की युनिट निघाले. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा. तो दिवसाला १४ तास फिरला तर महिन्याला साडेएकतीस युनिट खातो. तीन पंखे म्हणजे जवळजवळ ९५ युनिट, पहिला टप्पा तिथेच संपला. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. तेच तीन पंखे मग ३८ युनिटांत भागतात. पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे आहे, ते बघूनच घ्यावा.

सोलापूरच्या तपासणीत आणखी एक रकाना हवा, जो इतर शहरांच्या यादीत सहसा नसतो: पाण्याची मोटर. पाणी काही दिवसांआड येते, हौदात साठते, तिथून टाकीत चढते. फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर मोटर दरवेळी कितीतरी वेळ हवाच ओढत राहते. टाकी भरून वाहते ती वेगळीच. स्मार्ट मीटर बसलेल्या घरांना दिवसा वापरलेल्या विजेवर सवलत मिळू लागली आहे, त्यांनी मोटर दिवसाच चालवावी.

आता छताचे काय करायचे? पांढरे करायचे. जुना, काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग बहुतेक ऊन पिऊन टाकतो. स्वच्छ चुन्याचा पांढरा पृष्ठभाग त्यातले बरेचसे आल्या पावली परत पाठवतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये तीन हजार गरीब घरांची छते चुन्याने रंगवली. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यासाठी थंड छतांचे धोरणच जाहीर केले. अशा छतांखाली खोलीचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. दोन अंश ऐकायला कमी वाटतात. रात्री अकराला झोपणाऱ्या लहान मुलाला ते कमी नसतात. गच्ची झाडून धुऊन घ्यायची, भेगा भरायच्या, चुना रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा फेविकॉल घालायचे आणि दोन हात मारायचे. पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी नवा हात लागतो. ज्यांना जमेल त्यांनी फुटक्या पांढऱ्या टाइलचा थर घालून घ्यावा, तो वर्षानुवर्षे टिकतो. पत्र्याच्या घराला पांढरा रंग अधिकच गरजेचा, कारण पत्रा स्लॅबसारखा संध्याकाळपर्यंत थांबत नाही, सकाळी दहालाच पेटतो. दिवाळीला आपण भिंतींना सफेदी करतोच. तीच बादली फेब्रुवारीत गच्चीवर न्यायची आहे.

एवढे केल्यावर कूलर. इथली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे बाष्पीभवनावर चालणारा कूलर सोलापुरात उत्तम काम करतो आणि त्याला दीड टनी एसीच्या मानाने अगदी थोडी वीज लागते. पण तो खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तासाभरात दमट उकाडा करतो आणि मग बिचाऱ्याला नावे ठेवली जातात.

सोलर शेवटी येते, आणि सरकारचा पैसा आज तिथेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. योजना चांगली आहे, पॅनेलची सावली छतालाही गार ठेवते. पण तीन पंखे बदलून आणि छत पांढरे करून ज्या घराचा वापर १६० वरून १०० युनिटांवर येतो, त्याला दोन किलोवॅटऐवजी एकच पुरतो. आधी वापर उतरवलेल्या घराला पॅनेलसाठी कमी कर्ज काढावे लागते, हे विक्रेता सांगणार नाही.

आणि भाडेकरू? छत त्याचे नाही, वीजजोडणी बहुधा मालकाच्या नावावर. ७८ हजारांतला एक रुपयाही त्याच्यापर्यंत येत नाही. बिल तोच भरतो, उकाडा तोच सोसतो आणि छत रंगवण्यात मालकाला स्वतःचा फायदा दिसत नाही. बीएलडीसी पंखा भाडेकरूने स्वतःचा घ्यावा, घर सोडताना काढून न्यावा. चुन्याचा खर्च त्याने उचलावा आणि तो पुढच्या भाड्यातून वळता करून घ्यावा, हे मालकाशी आधीच बोलून ठरवता येते. पण हे व्यवहार एकेकाच्या भिडेवर सोडणे योग्य नाही. पांढऱ्या छताला महापालिकेने मालमत्ता करात थोडी सूट दिली तर मालकच चुना घेऊन वर जाईल.

या सगळ्याची खरी कसोटी सोलापूरजवळच्या कुंभारीला आहे. असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत तिथे उभी राहत आहे. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या १५ हजार घरांचा ताबा दिला गेला. विडी कामगार, यंत्रमागावरचे मजूर, कागद-काच वेचणाऱ्या बाया अशांची ही घरे. त्यांतल्या कितीतरी जणींसाठी घर हाच कारखाना असतो. सूप मांडीवर घेऊन विडी वळणारी बाई सकाळपासून पाने कातरते, तंबाखू भरते, दोरा बांधते आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. उकाड्याने हात मंदावला की त्या दिवसाची मजुरीच उतरते. पंखा जोरात लावावा तर तंबाखू उडते. अशा घरात छत दोन अंशांनी गार होणे ही थेट कमाईची गोष्ट आहे. एकाच नमुन्याच्या शेकडो इमारती, ओळीने सपाट गच्च्या. अहमदाबादपेक्षा हे काम सोपे आहे. एका उन्हाळ्यात काही इमारतींच्या गच्च्या चुन्याने रंगवाव्यात, शेजारच्या काही तशाच ठेवाव्यात आणि दोन्हींच्या वरच्या मजल्यावर तापमापक लावून मे महिनाभर नोंदी ठेवाव्यात. वालचंद अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प सहज जमेल. निघालेले आकडे महापालिकेच्या आणि जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावर जूनमध्ये ठेवता आले, तर पुढच्या अंदाजपत्रकात थंड छतांसाठी वेगळी तरतूद मागायला हातात सोलापूरचाच पुरावा असेल.