फूट कोणता, ते आधी विचारा

दसरा झाला की घर बांधायला निघालेली माणसं तीन कोटेशनं घेऊन माझ्यासमोर बसतात. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, "साहेब, १७५० वाल्याला देऊ ना?" मी विचारतो, "१७५० कशाचे?" उत्तर येतं, "फुटाचे!" इथेच डोकं फिरतं.

गैरसमज : चौरस फुटाचा दर कमी, तो ठेकेदार स्वस्त.

वस्तुस्थिती : फूट बारा इंचांचाच, पण मोजणी ज्याची त्याची. एक जण बाल्कनी, जिना, छज्जे धरून स्लॅब मोजतो, दुसरा भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतच थांबतो. समजा, पहिल्याने १७५० दराने १२५० फूट लावले : २१,८७,५०० रुपये. दुसऱ्याने १९०० दराने ११०० फूट : २०,९०,००० रुपये. घर तेच, आणि 'महागडा' साडेसत्त्याण्णव हजारांनी स्वस्त!

शिवाय दरात काय नाही ते बघा. जोत्यातली भर, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, कंपाउंड? जीएसटी आत की वर? 'मजबूत काँक्रीट' म्हणजे कोणतं? आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीला किमान एम२० लागतं. कागदावर ग्रेड हवी, विशेषण नको.

उपाय साधा आहे. आधी स्ट्रक्चरल ड्रॉइंग करून घ्या, त्यावरून खोदाई आणि काँक्रीट घनमीटरमध्ये, सळई किलोत, अशी एकच यादी काढा आणि तिघांनाही कोरी द्या. त्यांनी फक्त दर भरायचे. मग लबाडीही दिसते : खोदाई-पायाचे दर चढे आणि गिलावा-फरशीचे पाडलेले असतील, तर स्लॅब टाकून झाल्यावर, बहुतेक पैसे खिशात आलेले असताना, तो माणूस फोन उचलेलच असं नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

'सरकारही सगळ्यात कमी निविदाच घेतं.' नेहमी नाही; केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार ठरावीक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देता येतो.

'महाग तो चांगला.' त्याची पाच वर्षांपूर्वीची घरं पावसाळ्यात बघून या, मग बोला.

'नुसती मजुरी दिली की पैसे वाचतात.' वाचतात, पण सिमेंटची नासाडी आणि वाळूची राखण तुमच्या गळ्यात.

'ओळखीचा आहे, म्हणाला सगळं आलं त्यात.' छान! ते 'सगळं' कोटेशनवर लिहून सही मागा. पेन कोण काढतो, ते बघा.