घाटात गाडी का अडते? – कार्बुरेटर व इंधनपुरवठ्यातील दोष

गोव्याहून बेळगावकडे जाताना चोर्ला घाट चढावा लागतो. सपाटीवर सुरळीत धावणारी जुनी मोटार या चढणीवर आचके देऊ लागते व अखेर बंद पडते. काही वेळाने ती पुन्हा सुरू होते. परंतु दोन वळणे गेली की पुन्हा तोच प्रकार. गाडीत रुग्ण असला तर या खोळंब्याची किंमत फार मोठी ठरते. अशा वेळी ‘कार्बुरेटर निकामी झाला’ असे अनुमान काढून तो बदलला जातो. वस्तुतः दोष पुष्कळदा कार्बुरेटरात नसून तेथवर येणाऱ्या वाटेत असतो.

गेल्या पाव शतकात नव्या मोटारींतून कार्बुरेटर नाहीसा झाला. तथापि ॲम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्या आजही काही घरांत जपलेल्या आढळतात. त्यांच्या मालकांस ही माहिती उपयुक्त ठरेल.

टाकीतील पेट्रोल नळीतून पंपाकडे येते. पंपातील रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ते ओढून पुढे ढकलतो. कार्बुरेटरात त्यासाठी एक लहानशी वाटी असते. पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याप्रमाणे येथेही एक फ्लोट असतो. वाटी भरली की तो सुईच्या साहाय्याने वाट बंद करतो. चढणीवर इंजिनास अधिक पेट्रोल लागते. पुरवठा अपुरा असल्यास वाटी रिकामी होते व गाडी थांबते. विश्रांतीत वाटी पुन्हा भरते, म्हणून गाडी चालू होते. सपाटीवर मात्र हा दोष लपून राहतो.

तपासणी टाकीपासून क्रमाने करावी. प्रथम टाकीत पेट्रोल असल्याची खात्री करावी. जुन्या गाडीच्या काट्यावर विसंबू नये. नंतर टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. तेलाच्या डब्यास एकच छिद्र असले तर तेल अडखळत येते, दुसरे पाडताच धार लागते. त्याचप्रमाणे टाकीत हवा जाण्याचे छिद्र बुजले तर पेट्रोल येईनासे होते. झाकण सैल करताच गाडी सुधारली, तर ते छिद्र साफ करणे एवढाच उपाय पुरेसा असतो.

त्यानंतर फिल्टर व नळ्या पाहाव्यात. टाकीतील गंज व गाळ फिल्टरमध्ये साचतो. टाकी ते पंप या नळीस चीर असल्यास पेट्रोल बाहेर न गळता हवा आत ओढली जाते. म्हणून हा दोष सहसा दृष्टीस पडत नाही.

पंपाची परीक्षा इंजिन थंड असताना, मोकळ्या जागी व जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. ठिणगी पडू नये म्हणून इग्निशन कॉइलकडे येणारी विजेची तार आधी काढावी. कार्बुरेटरकडील नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरावे व स्टार्टर फिरवावा. ठरावीक लयीत जोरदार पिचकाऱ्या आल्यास पंप ठीक आहे, दोष पुढे आहे. धार मंद असल्यास दोष पंपात वा त्याच्या मागे आहे. इंजिन-ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर डायफ्रॅम फाटला असण्याचा संभव असतो. असे पातळ झालेले ऑइल इंजिनाची झीज करते. तेव्हा गाडी न चालवता पंप दुरुस्त करावा व ऑइल बदलावे.

उन्हाळ्यात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊनही प्रवाह अडतो. इंजिन बंद करून पंपावर ओले फडके ठेवल्यास बहुधा निभावते.

हे सर्व निर्दोष आढळल्यावरच कार्बुरेटर उघडावा. प्रवेशद्वाराची जाळी, सुई व फ्लोट तपासावेत. जेटच्या छिद्रात तार मुळीच घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोल व हवेचे प्रमाण कायमचे बिघडते. हवेचा झोत पुरेसा असतो.

येथे एका नव्या गोष्टीची दखल घेणे आवश्यक आहे. 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. इथेनॉल पाणी शोषून घेते, टाकीतील जुना मळ सोडवते व जुन्या रबरास अपायकारक ठरते. म्हणून जुन्या नळ्या व डायफ्रॅम इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्यावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये.

शेवटी सुरक्षिततेविषयी. नळी तोंडाने ओढू नये. पेट्रोल फुफ्फुसात गेल्यास जिवावर बेतते. गाडी सुरू व्हावी म्हणून कार्बुरेटरात वरून पेट्रोल ओतू नये. इंजिनातून उलट आलेली ज्वाळा क्षणात भडका उडवते. काम चालू असता जवळपास विडी, दिवा वा चूल नसावी. वाळूची बादली हाताशी असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये.

एका वेळी एकच गोष्ट तपासावी व तिचा परिणाम पाहूनच पुढे जावे. पावसाळ्यापूर्वी एक सकाळ या कामी खर्च केल्यास घाटातील रात्र टळू शकेल.