घर, सायकल आणि ऊस : वर्षाचा मेळ



गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरी घोटाळा झाला. सगळे रान सुरू हंगामात लावलेले. घरातले लग्न मे अखेरीस धरले आणि मोठी बांधणीही त्याच आठवड्यात आली. बांधणी लांबली, पुढे पावसात ऊस लोळला, कारभारीण रुसली ती वेगळीच!

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या सुरू उसाची मोठी बांधणी चार-साडेचार महिन्यांनी, म्हणजे मे-जूनमध्ये येते. लग्नसराई, शाळेची फी, वह्या-पुस्तके हेही तेव्हाच. म्हणून सगळे रान एका हंगामात लावू नये. काही आडसाली (जुलै-ऑगस्ट), काही पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबर) केल्यास काम वाटले जाते आणि तोडही एकदम अंगावर येत नाही. मात्र आडसाली ऊस १६ ते १८ महिने रान अडवतो, पैसाही तितकाच उशिरा हाती येतो. मुलाच्या कॉलेजचा खर्च मांडताना हे आधी धरावे.

आता सायकल. बांधावर जायलाही आपण फटफटी काढतो आणि सायकल गोठ्यात गंजते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. पहाटे अर्धा तास, असे पाच दिवस, की झाले. पाण्यासाठी रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात मात्र झोपच घ्यावी. सायकल कुठे पळून जात नाही.

यंदा आम्ही निम्मे रान आडसालीला ठेवले आहे. धाकटीच्या लग्नाची तारीख बांधणीचा दिवस बघूनच धरू, असे घरात कबूल करून घेतले आहे.