दुधावर वाढलेला क्लब : पार्मा

इटलीतल्या पार्माचा फुटबॉल क्लब 1913 मध्ये सुरू झाला तो चक्क संगीतकार व्हेर्दीच्या नावाने. त्याच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं ते! पुढची कित्येक दशकं खालच्या विभागांतच गेली. मग दूधवाली 'पार्मालात' कंपनी आली आणि मालक कालिस्तो तान्झींनी तिजोरी उघडली. बुफॉन, कन्नावारो, थुराम, क्रेस्पो एकाच संघात! 1995 आणि 1999 मध्ये युएफा कप जिंकला. 'सेरी आ' ही इटलीची अव्वल लीग मात्र कधीच नाही. 1997 मध्ये युव्हेंटसच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर राहिले. (ती हुरहुर मला अजून आहे.)

2003 च्या अखेरीस पार्मालातचे हिशेब खोटे निघाले, कंपनी बुडाली आणि क्लबही गाळात गेला. खरी शोभा 2014-15 च्या मोसमात झाली. क्लब 1 युरोला विकला गेला, काही आठवड्यांत पुन्हा 1 युरोलाच! आपल्याकडे तेवढ्यात जेमतेम चार वडापाव येतात. मैदानावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना द्यायला पैसे नाहीत म्हणून उदिनेसेविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. शेवटी दिवाळखोरी, थेट चौथा विभाग.

तिथून सलग तीन बढत्या घेत 2018 मध्ये ते पुन्हा सेरी आ मध्ये! 2020 पासून मालक अमेरिकेचे काइल क्राउझे, मूळचे पेट्रोलपंप-दुकानांच्या धंद्यातले.