झाडांच्या सावलीतील लव्हाळवर्गीय वनस्पती

निर्गमाच्या पुस्तकातील बालक मोशेचा पेटारा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मराठी बायबलमध्ये तो लव्हाळ्याचा होता असे आपण वाचतो. नाईल नदीकाठी उगवणारी ती वनस्पती म्हणजे पपायरस. ती आणि आपल्या अंगणातील लव्हाळा या दोन्ही एकाच कुळातील, किंबहुना सायपेरस या एकाच प्रजातीतील आहेत. या कुळाला मोथ्याचे कुळ म्हणता येईल. त्यातील वनस्पती गवतासारख्या दिसतात, परंतु गवत नव्हेत. दांडी बोटांच्या चिमटीत धरून फिरवली की बहुतेकींच्या तीन कडा हाताला लागतात. गवताची दांडी गोल असून तिला पेरे असतात.

जुहूच्या रहिवाशांना या कुळाची आठवण करून देण्याचे कारण निराळे आहे. जुहू हे मूळचे साष्टीच्या पश्चिमेचे वाळूचे लहानसे बेट. आज तेथील जुन्या बंगल्यांच्या, गावठाणातील घरांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत आंबा, फणस, पर्जन्यवृक्ष यांची दाट सावली आढळते. त्या सावलीत हिरवळ टिकत नाही. विकत आणलेले गवत पहिल्या पावसाळ्यात तरारते आणि वर्षभरात विरळ होते. मग कंटाळून मंडळी तेथे सिमेंटच्या लाद्या बसवितात. हा उपाय झाडाच्या जिवावर बेततो. मुळांना हवा मिळत नाही, पाणी मुरत नाही, खोदकामात मुळे तुटतात आणि एखाद्या वादळी रात्री झाड कोसळते. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जिरायला झाडाखालची उघडी जमीन हवीच.

ही जमीन झाकण्यासाठी इथल्याच मातीतील एक लहान वनस्पती उपयोगी पडते. तिचे शास्त्रीय नाव किलिंगा नेमोरॅलिस. नेमोरॅलिस म्हणजे वनराईत राहणारी. वीतभर ते हातभर उंची, गडद हिरवी पाती आणि दांडीच्या टोकाला मण्यासारखे पांढरे, गोल फुलोरे. पावसाळ्यात ओलसर कुंपणाकडेला वा जुन्या हिरवळीत ती आपण पाहिलेली असते, फक्त तण म्हणून उपटून टाकलेली असते. जमिनीलगत आडवी पसरणारी तिची खोडे माती धरून ठेवतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. हिचा भाऊबंद असलेला खरा लव्हाळा, म्हणजे आयुर्वेदातील मुस्ता, औषधी खरा. पण जगातील सर्वांत त्रासदायक तणांत त्याची गणना होते. त्याचा फुलोरा तांबूस-तपकिरी व फाटे फुटलेला असतो आणि मुळाशी सुगंधी गाठी असतात. एक गाठ जमिनीत राहिली तरी तो पुन्हा उगवतो. सुदैवाने दाट सावली त्याला मानवत नाही. रोपवाटिकेत ‘अंब्रेला पाम’ म्हणून मिळते ती वनस्पतीही याच कुळातील, मात्र आफ्रिका व मादागास्करकडील. पाम तर ती नव्हेच!

आपल्या भागातील या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांत एक धर्मगुरूही होते, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा. मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारला. १९०६ साली सुरू झालेला हा संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चार्ल्स मॅकॅन यांच्यासह त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी फेरतपासणी केली, तीत या दुर्लक्षित कुळालाही स्थान मिळाले. फादर ब्लॅटर १९३४ साली निवर्तले. अमेरिकेत आता ओक वृक्षांखाली तेथील कॅरेक्स नावाच्या लव्हाळवर्गीय वनस्पती हौसेने लावतात; आपल्याकडे मात्र ही दृष्टी अजून रुजायची आहे.

लागवड जूनमध्ये, दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्यावर करावी. राष्ट्रीय उद्यानातून रोपे आणू नयेत, तो गुन्हा आहे. आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या आवारातील पांढऱ्या फुलोऱ्याचा ठोंब परवानगीने उचलावा, मुळांसकट त्याचे लहान तुकडे करावेत आणि वीतभर अंतरावर लावावेत. कुदळ वापरू नये. खुरप्याने मुळांच्या मधली जागा शोधावी. बुंध्याभोवती मातीचा ढीग करू नये. गळलेली पाने झाडून जाळण्याऐवजी रोपांमध्ये पातळ पसरावीत. जुहूची वाळूमिश्रित जमीन पाणी धरत नाही, तेव्हा हाच तिचा खरा आधार. जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा पाणी घालावे, अन्यथा पाती पिवळी पडतात. मुलांच्या क्रिकेटला ही हिरवळ पुरी पडणार नाही. पायवाटेपुरते चार सुटे दगड ठेवावेत. मे महिन्याच्या अखेरीस एकदा चार बोटे उंचीवर कापणी केली की पहिल्या पावसात नवे कोंब येतात.