कावेरीकाठचा अगस्त्य

रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल सर्वांत तेजस्वी तारा अगस्त्य. मुंबईहून तो दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त 18 अंश वर येतो. तंजावरजवळ कावेरीकाठी वसलेल्या तिरुवैयारूत मात्र 26 अंश चढतो. हे गाव विषुववृत्तापासून सुमारे 11 अंशांवर असल्यामुळे तिथे ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. दक्षिणेकडे जावे तसा ध्रुव उतरतो आणि अगस्त्य चढतो, कारण पृथ्वी गोल आहे.

कावेरी अगस्त्य ऋषींच्या कमंडलूतून वाहू लागली, अशी कथा आहे. त्यामुळे या नदीकाठावरून तो तारा पाहण्यात वेगळेच औचित्य आहे. त्यासाठी उत्तम रात्र पौष वद्य पंचमीची, म्हणजे तिरुवैयारूतच समाधी असलेल्या संगीतकार त्यागराजांच्या (1767–1847) आराधनेची. त्या रात्री चंद्र दहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी दक्षिणेच्या अंधाऱ्या आकाशात अगस्त्य चांगला वर आलेला असतो. महाराष्ट्रातून पाहताना तो अधिक लुकलुकतो. क्षितिजालगतच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि कमी-अधिक तापमानाच्या हवेत त्याची दिशा सतत किंचित बदलत राहते. लुकलुकणे हा ताऱ्याचा गुण नाही.

व्याध अगस्त्यापेक्षा ठळक दिसतो, म्हणून तो मोठा आहे का? अजिबात नाही. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर, तर अगस्त्य सुमारे 310 प्रकाशवर्षांवर आहे. अंतर दुप्पट झाले की तेज चौपट घटते. अगस्त्य व्याधाच्या जागी आणून ठेवला, तर आजच्या सुमारे 1300 पट तेजस्वी दिसेल. व्याध सूर्याच्या 25 पट प्रकाश देतो, अगस्त्य दहा हजार पटींहून अधिक. त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे 70 पट आहे. सूर्याच्या जागी तो असता, तर त्याचा पृष्ठभाग बुधाच्या कक्षेच्या जवळ पोहोचला असता.

अगस्त्याचे हे अंतर मोजले कसे? सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, तीस कोटी किलोमीटर अंतरावर जाते. त्यामुळे जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेले दिसतात. अगस्त्याच्या बाबतीत हे सरकणे एका अंशाच्या लाखाव्या भागाहूनही कमी आहे. 1989 मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहाने ते मोजले. अगस्त्याचा आज दिसणारा प्रकाश साधारण पहिल्या सरफोजी राजांच्या काळात (1712–1728) तिथून निघाला, जेव्हा तंजावरवर मराठ्यांचे राज्य होते.

बहुतेक ताऱ्यांना प्रकाश मिळतो गाभ्यातील हायड्रोजनचे हीलियम होताना. अगस्त्याने गाभ्यातील हायड्रोजन संपवला आहे, म्हणूनच तो इतका फुगला. वस्तुमान जितके जास्त तितके इंधन भराभर जळते. सूर्य अब्जावधी वर्षे टिकतो, अगस्त्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य मात्र काही कोटी वर्षांचेच.

पुढे काय, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात एका तमिळ कुटुंबातील तरुणाने केली. लाहोरला जन्मलेले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर 1930 मध्ये इंग्लंडला निघाले होते. बोटीवर केलेल्या गणितातून त्यांच्या हाती आले, की श्वेत बटूचे, म्हणजे इंधन संपल्यावर उरणाऱ्या दाट गाभ्याचे, वस्तुमान एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे 1.4 पट आहे. व्याधाच्या जोडीला असाच एक श्वेत बटू आहे: वस्तुमान सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा. या कामासाठी चंद्रशेखरांना 1983 चे नोबेल मिळाले. ते फार आधी मिळायला हवे होते.

सूर्य शेवटी श्वेत बटू होईल. अगस्त्य सीमेवर आहे. सूर्याच्या सुमारे आठ पटींपेक्षा जड ताऱ्यांचा गाभा अखेरीस कोसळतो आणि स्फोट होऊन बहुधा न्यूट्रॉन तारा मागे उरतो. अगस्त्याचे वस्तुमान नेमके याच आकड्याच्या आसपास आहे. स्फोट झालाच, तरी 310 प्रकाशवर्षांवरून पृथ्वीला धोका नाही. धोक्यासाठी तो याहून बराच जवळ व्हावा लागतो.