दूरच्या दाराची दुरुस्ती

पुलगावात वर्धेकाठच्या घरात बसून मुंबईतल्या सर्व्हरचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थास त्या यंत्राचे प्रत्यक्ष दर्शन बहुधा घडतच नाही. त्याची सारी ये-जा ज्या एका दारातून चालते ते ओपनएसएसएच, आणि त्याची दुरुस्तीही त्याच दारातून आत शिरून करावयाची, ही या कामातली खरी गोम. दुरुस्ती टाळण्याची मात्र सोय नाही, कारण २००६ साली बुजविलेला एक दोष २०२० मध्ये अनवधानाने पुन्हा शिरल्याचे जुलै २०२४ मध्ये उघडकीस आले आणि ९.८ या आवृत्तीत त्याचा बंदोबस्त झाला.

प्रथम सेटिंगच्या फायली व यजमान-किल्ल्या यांची नक्कल सुरक्षित ठेवावी, आणि हे दार बंद पडल्यास आत शिरण्याची दुसरी वाट म्हणून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा कन्सोल उघडतो की नाही, याची खातरजमा करावी. (हा कन्सोल गरज पडेपर्यंत कोणी उघडून पाहत नाही, हा सार्वत्रिक आळस!) नवी आवृत्ती बसविल्यावर ‘एसएसएचडी -टी’ ही आज्ञा देऊन सेटिंग तपासावे, तिने काही तक्रार न केल्यासच सेवा पुन्हा सुरू करावी. चालू जोडणीची प्रक्रिया स्वतंत्र असल्यामुळे ती सहसा तुटत नाही. म्हणून ती तशीच राखून दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहावा, आणि तो निर्वेध साधल्यावरच पहिली खिडकी मिटावी. ‘एसएसएच -व्ही’ने दिसणारा आकडा ग्राहक-प्रोग्रामचा असतो, तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण सेवा पुन्हा सुरू होईपर्यंत सर्व्हरच्या स्मृतीत जुन्याच आवृत्तीचा अंमलदार हुकूम चालवीत असतो.